गंगेचे दुसरे टोक

आम्ही नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. भाजी आणायला जायचे ते गंगेवर, दशक्रियेला बसायचे ते गंगेवर, आणि पावसाळ्यात पाणी किती चढले हे सांगायचे ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या हिशोबाने : गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. २०२३ च्या जूनमध्ये बँकेने माझी बदली आंध्र प्रदेशातल्या राजोलू येथील शाखेत केली. नकाशावर ते गाव शोधताना पहिल्यांदा लक्षात आले ते हे, की ब्रह्मगिरीवर उगम पावलेली आपली गंगा १४६५ किलोमीटर चालून जिथे समुद्राला मिळते, त्याच्या जरा अलीकडेच हे गाव तिच्या काठावर आहे. घरच्यांना हा शुभशकुन वाटला. मला मात्र काळजी होती ती राहण्याजोगे घर, पिण्याचे पाणी, बरा दवाखाना आणि सोबत येणाऱ्या आईची महिन्याची औषधे यांची.

आता तिसरे वर्ष चालू आहे आणि त्या काळजीची उत्तरे मिळाली आहेत, पण मी प्रश्न विचारले होते त्या क्रमाने नव्हे. लहान गावातल्या सोयींचा विचार आपण रस्ता, वीज, शाळा, दवाखाना असा एकेक करून करतो. इथे यांतल्या प्रत्येकाच्या मागे पाणी उभे आहे, आणि ते कोणत्या बाजूने, कोणत्या महिन्यात आणि किती फुटांनी येणार यावर ती सोय त्या दिवशी चालणार की नाही हे ठरते.

राजमहेंद्रवरमजवळच्या धवळेश्वरमला गोदावरी दुभंगते. डावीकडे गौतमी जाते, उजवीकडे वसिष्ठा, आणि वसिष्ठेतून पुढे वैनतेया निघते. गौतमी आणि वसिष्ठा यांच्यामधला हिरवा त्रिकोण म्हणजे कोनसीमा. त्यातही वैनतेया आणि वसिष्ठा यांच्या कवेत सापडलेला जो नैऋत्येकडचा तुकडा आहे, त्यात राजोलू येते, म्हणजे दोन बाजूंना नदी आणि तिसऱ्या बाजूला समुद्र. पूर्वी जिल्ह्याच्या कामासाठी लोकांना काकीनाड्यापर्यंत जावे लागे. एप्रिल २०२२ मध्ये कोनसीमेचा वेगळा जिल्हा झाला, अमलापुरम हे त्याचे मुख्यालय ठरले आणि सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतक्या अंतरावर कलेक्टर कचेरी आली. साध्या माणसाच्या दृष्टीने अलीकडच्या काळात झालेली ही सर्वांत मोठी सोय असावी, असे माझे मत आहे.

आईला इथे आल्यावर सर्वांत आधी खटकली ती एक वेगळीच उणीव. तिला पाट्यावर वाटण करायची सवय, आणि पाटा टाकवून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करून, घ्यावा तर टाकीवाला कुठेच दिसेना, म्हणून तिने आमच्या घरमालकांना विचारले. घरमालक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे गाव त्यांना मास्टारू म्हणते. ते हसून म्हणाले, "अम्मा, या मातीत तुम्हाला हरभऱ्याएवढा खडासुद्धा सापडणार नाही." ते खरेच आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळावर हा सगळा प्रदेश उभा आहे. डोंगर नाही, टेकडी नाही, काळा कातळ तर नाहीच. रस्त्याची खडी बाहेरून ट्रकने येते, घराच्या पायाचा दगडही बाहेरून येतो. जमिनीच्या उंचसखलपणाला मात्र इथे सोन्यासारखी किंमत आहे. मेरका म्हणजे जरा उंचवट्याची जागा आणि पल्लम म्हणजे सखल जागा, हे दोन शब्द मला तेलुगू बाराखडीच्या आधी शिकावे लागले, कारण भाड्याचे घर बघताना प्रत्येक जण तेच विचारत होता. दोन्हींमध्ये फरक असतो तो फार तर हात-दीड हाताचा. आम्ही मेरकेवरचे घर घेतले. भाडे थोडे जास्त आहे.

पाण्याविषयी जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बाहेरच्या माणसाचा गैरसमज इथेच होतो. चहूकडे पाणी दिसत असताना पिण्याच्या पाण्याची अडचण असेल, असे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आपल्याकडे बोअर आणखी शे-दीडशे फूट खाली नेली की पाण्याची आशा वाढते. इथे खाली जावे तसा खारटपणा वाढतो. गोड पाणी वरच्या वाळूच्या थरात पातळ सायीसारखे पसरलेले असते, त्यामुळे हातपंप उथळ असतात, आणि समुद्राच्या बाजूच्या गावांत तीही साय उरलेली नाही. म्हणून पिण्यासाठी भरवसा कालव्याचा. कालव्याला तेलुगूत कालुव म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला आयताच मिळाला. मात्र 'शिवारू' या शब्दाने मला चांगलेच फसवले. पहिल्या महिन्यात एक शेतकरी कर्जाच्या अर्जाबरोबर सांगू लागला की आमची जमीन शिवारू आहे, आणि मी मनात म्हटले, शेतजमीन शिवारातच असणार, त्यात सांगायचे काय? इथे शिवारू म्हणजे कालव्याच्या शेपटाकडचा भाग, जिथे पाणी सर्वांत शेवटी पोचते आणि सर्वांत आधी आटते. तो माणूस मला आपल्या कर्जातली जोखीम प्रामाणिकपणे सांगत होता.

हे कालवे धवळेश्वरमहून निघतात. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या काळात तिथे बंधारा बांधला गेला. त्याच्या जागी आजचे दारांचे बॅरेज नंतर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. त्या बंधाऱ्याआधी याच सुपीक जमिनीवर दुष्काळात माणसे मरत होती, यावर आजचा भाताचा समुद्र पाहून विश्वास बसत नाही. कॉटन दोरा, म्हणजे कॉटनसाहेब, हे नाव इथे अजून आदराने घेतले जाते आणि चौकाचौकांत त्याचे पुतळे आहेत. इंग्रजाच्या पुतळ्याला शेतकऱ्यांनी हार घातलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चमकले होते. आता १५ मे रोजी, त्याच्या जयंतीला, ते ओळखीचे दृश्य वाटते. राजोलूच्या बाजूला पाणी आणायचे तर मध्ये वैनतेया आडवी येते. तेव्हा पी. गन्नवरमला त्या काळी ४९ कमानींचा जलसेतू बांधून कालवाच नदीवरून पलीकडे नेला गेला. शेजारी आता नवा जलसेतू आहे आणि त्याला डोक्का सीतम्मा यांचे नाव दिलेले आहे. या बाईंनी आयुष्यभर आल्यागेल्याला जेवू घातले. १९०९ मध्ये त्या गेल्या, पण 'अपर अन्नपूर्णा' म्हणून लोक अजून त्यांची आठवण काढतात. खाली नदी, वर तिचेच पाणी दुसऱ्या दिशेने चाललेले, आणि त्यावर आमचा नळ अवलंबून, ही व्यवस्था मी आईला नेऊन दाखवली. ती कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, हिला स्वतःलाच ओलांडून जावं लागतं की."

एप्रिलच्या मध्यानंतर दुरुस्तीसाठी कालवे बंद होतात आणि साधारण जूनच्या सुरुवातीला पुन्हा सुटतात. कालवा बंद होण्यापूर्वी गावोगावची पिण्याच्या पाण्याची तळी काठोकाठ भरून घेतात आणि पुढचे दीड महिने त्यांवर काढायचे असतात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नळाच्या पाण्याला हिरवट झाक आणि किंचित शेवाळाचा वास येतो. ज्यांना परवडते ते शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा कॅन, ज्याला इथे सरसकट टिन म्हणतात, तो घेतात. आम्हीही घेतो. टिन आणणारा मुलगा सायकलच्या दोन्ही बाजूंना चार-चार लटकवून येतो आणि उन्हाळ्यात त्याची वाट पाहणे हा आमच्या गल्लीतला रोजचा कार्यक्रम असतो. ज्यांना ते परवडत नाही ते काय करतात, हे मी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या घरी पाहिले. तुरटी फिरवून माठ रात्रभर स्थिर ठेवायचा, सकाळी वरचे दोन तृतीयांश पाणी हलक्या हाताने काढायचे आणि तळाचे नारळाच्या आळ्यात ओतायचे. माठ हलवायचा नाही म्हणून घरातली लहान मुले त्याच्यापासून लांब झोपतात.

रस्त्यांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांपेक्षा इथली परिस्थिती बरी आहे. काकीनाड्याकडून येणारा २१६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग यानाम, अमलापुरम करत बोडसकुर्रूला वैनतेया आणि चिंचिनाड्याला वसिष्ठा ओलांडून पुढे जातो. परिवहन महामंडळाच्या साध्या गाड्यांना इथे 'पल्ले वेलुगू', म्हणजे खेड्याचा उजेड, असे गोड नाव आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून त्यांत बायकांना तिकीट लागत नाही. त्यासाठी आंध्रातल्या पत्त्याचा पुरावा दाखवावा लागतो आणि माझ्या आधार कार्डावर पंचवटी आहे, त्यामुळे शेजारणीला शून्य रुपयांचे तिकीट मिळते आणि मी पैसे मोजते; कंडक्टर दर वेळी माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहतो. या एका निर्णयाने बाजारदिवशी बसमध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही हे खरे, पण ज्या म्हाताऱ्या बायका पूर्वी मुलाने पैसे दिले तरच अमलापुरमच्या डॉक्टरकडे जात, त्या आता आपल्या मनाने जातात हेही मी पाहते.

रेल्वे मात्र कोनसीमेत नाही. कोटिपल्लीपासून नरसापूरपर्यंतचा मार्ग मंजूर होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, नद्यांच्या पात्रात पुलांचे खांब उभे राहिले, पण त्यांवरून गाडी धावलेली नाही. आम्ही गाडी धरतो ती नदीपलीकडच्या पालकोल्लूला. आणि तिथे नाशिककराला सुखावणारा एक योगायोग आहे. नरसापूरहून सुटणारी एक एक्स्प्रेस थेट नगरसोलला जाते, येवला तालुक्यातल्या. ती शिर्डीच्या भक्तांसाठी आहे, पण माझ्या लेखी ती गंगेच्या मुखाकडून माहेराकडे जाणारी गाडी आहे. जवळजवळ एक दिवसाचा प्रवास. येताना माझ्या सामानात ज्वारीचे पीठ, काळा मसाला आणि पेठेतला चिवडा असतो; जाताना आत्रेयपुरमचे पूतरेकुलू. तांदळाच्या पातळ पिठापासून उलट्या मडक्यावर कागदाहून पातळ पापुद्रे काढून त्यांत तूप-गूळ घालून केलेल्या या गोडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या भाच्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो वरचा कागद काढायचा म्हणून सोलत बसला होता.

सखिनेटिपल्ली ते नरसापूर हा रस्ता अजून पाण्यावरूनच आहे. पंटू नावाच्या सपाट बोटीवर माणसे, मोटारसायकली, मोटारी, कोंबड्यांचे खुराडे असे सगळे चढते आणि वसिष्ठा ओलांडते. तिथे पूल व्हावा ही मागणी जुनी आहे. पाणी वाढले की पंटू बंद होतो आणि मग समोर दिसणाऱ्या गावाला जायला चिंचिनाड्याच्या पुलाचा मोठा वळसा घालावा लागतो.

दवाखान्याचा अनुभव आम्ही दुसऱ्याच पावसाळ्यात घेतला. मागच्या दारच्या पायरीवर शेवाळ धरले होते, आई घसरली आणि उजव्या हाताच्या मनगटावर पडली. गावात सरकारी रुग्णालय आहे, तिथे डॉक्टर होते, क्ष-किरणाचे यंत्र चालू होते, आणि कुणीही आमच्याशी वाकड्या शब्दात बोलले नाही. फक्त त्या दिवशी हाडांचे डॉक्टर नव्हते. गावातल्या बाळंतपणांची, तापाची, साप चावल्याची सोय इथे होते. हाड, हृदय आणि मेंदू यांसाठी अमलापुरम, आणि त्याहून अवघड असेल तर काकीनाडा किंवा राजमहेंद्रवरम, अशी वाटणी लोकांनी मनात पक्की केलेली आहे. आम्ही भाड्याच्या गाडीने अमलापुरमला गेलो आणि संध्याकाळी प्लास्टर घालून परतलो. तिथल्या एका खासगी रुग्णालयाने मात्र पावती मागितल्यावर आकडा कमी केला, हे माझ्यातल्या बँकवालीला अजून खुपते. खेड्यांतला खरा पहिला डॉक्टर निराळाच असतो. त्याला सगळे 'आरएमपी' म्हणतात. वैद्यकीची पदवी नसलेला, मोटारसायकलला पिशवी अडकवून दारात येणारा, उधारीवर सलाईन लावणारा हा माणूस कायद्याच्या दृष्टीने नसलेला बरा. पण लंकेतल्या, म्हणजे नदीतल्या बेटावरच्या, म्हातारीला रात्री दोन वाजता ताप चढला तर येतो तोच. मी त्याची बाजू घेत नाही. आईचे प्लास्टर सुटल्यावर मनगट शेकायचे तेल मात्र त्यानेच आणून दिले.

अशा लंका नदीच्या पात्रात बऱ्याच आहेत. त्यांवर केळी, भाज्या, नारळ पिकतात, वस्ती असते, शाळाही असते. पाणी कमी असताना तिथे फरशी पुलावरून चालत जाता येते आणि नदी चढली की होडी. कनकायलंकेची फरशी तर पहिल्या मोठ्या पाण्यातच बुडते. शाळेची मुले मग गुडघ्याएवढी विजार दुमडून, दप्तर डोक्यावर घेऊन होडीची वाट पाहत उभी असतात.

सरकार दारात येणे ही गोष्ट इथे मी पहिल्यांदा अक्षरशः पाहिली. ऑक्टोबर २०१९ पासून गावोगाव सचिवालये झाली आहेत. दाखला, सातबाऱ्यासारखा उतारा, अर्ज ही कामे गावातच होतात. महिन्याच्या एक तारखेला पहाटेपासून तिथले कर्मचारी घरोघर फिरून पेन्शन हातात देतात. जुलै २०२४ पासून वृद्धांना आणि विधवांना ती चार हजार रुपये मिळते. त्या दिवशी आमच्या शाखेत गर्दी कमी असते आणि टिफिनच्या हॉटेलांत जास्त. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली, जिला इथे पोट्टिक्कलू म्हणतात, ती त्या सकाळी आठच्या आत संपते. तयार भाज्या विकणारे 'करी पॉइंट'ही गावात बरेच आहेत. घरी फक्त भात लावायचा. नोकरी करणाऱ्या बाईसाठी यापेक्षा मोठी सोय मी नाशिकलाही पाहिलेली नाही.

भाषेची अडचण वाटली होती तेवढी आली नाही, कारण गोदावरीकाठचे लोक बोलण्यात फार आर्जवी आहेत. प्रत्येक नावापुढे गारू आणि प्रत्येक क्रियापदामागे अंडी. फक्त 'या' असे आदराने म्हणण्यासाठी जो शब्द ते वापरतात, तो मराठी कानाला इतका अभद्र ऐकू येतो की पहिल्या दिवशी मास्टारूंच्या पत्नीने दारात उभे राहून आईचे प्रेमाने स्वागत केले आणि आई कानशिलापर्यंत लाल झाली.

बँकेच्या खिडकीतून या गावाची दुसरी बाजू दिसते. आमच्या तिजोरीत सर्वांत जास्त जागा लागते ती तारण सोन्याला. सार्वा म्हणजे खरिपाच्या लावणीआधी बांगड्या येतात, दाळ्वा म्हणजे उन्हाळी भाताच्या वेळी पुन्हा येतात, आणि संक्रांतीच्या आधी चार दिवस त्या सोडवून न्यायला रांग लागते, कारण भोगी, संक्रांत, कनुमा हे तीन दिवस मोकळ्या हातांनी काढायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. कनुमाच्या दिवशी जग्गन्नतोटाला आसपासच्या गावांचे अकरा रुद्र प्रभांवर बसून एकत्र येतात. प्रभा म्हणजे बांबूच्या उंच, रंगीत चौकटी; त्या खांद्यांवर घेऊन माणसे भाताच्या उभ्या पिकातून आणि कालव्याच्या पाण्यातून चालत जातात. ज्याच्या शेतातून प्रभा जाते तो पीक तुडवले म्हणून रागावत नाही, उलट आनंद मानतो.

शेतकरी म्हणून जो माझ्यासमोर बसतो, तो बहुतेक वेळा जमिनीचा मालक नसतो. मालक हैदराबादला किंवा अमेरिकेत असतो आणि कसणारा कौलू, म्हणजे खंडाने घेणारा. २०१९ च्या कायद्याने कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे कार्ड मिळते, पण त्यासाठी मालकाची संमती लागते, आणि सही केली तर जमीन हातची जाईल या भीतीने मालक ती देत नाहीत. नुकसानभरपाई अनेकदा ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात जमा होते आणि ज्याचे भात कुजले तो माझ्यासमोर सोन्याची चेन ठेवतो. भात का कुजते, तर पाणी उतरत नाही म्हणून. कालवा पाणी आणतो तसे ते वाहून नेणारे मोठे चरही लागतात. ते गाळाने आणि जलपर्णीने भरले आहेत. याच रागातून २०११ मध्ये कोनसीमेतल्या शेतकऱ्यांनी खरिपाला जमिनी पडीक ठेवून 'पीक सुट्टी' घेतली होती. इतक्या सुपीक मातीत न पेरण्याचा निर्णय घ्यावा लागणे याचा अर्थ दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला समजावणे कठीण आहे. घरे चालतात ती बऱ्याच अंशी आखातातून येणाऱ्या पैशांवर. कुवेत, मस्कत, दुबई इथे घरकाम करणाऱ्या बायकांची खाती आमच्याकडे शेकड्यांनी आहेत, आणि त्यांची मुले आज्यांकडे वाढतात.

जमिनीखालच्या वायूबद्दल लोक फारसे बोलत नाहीत. पासर्लपूडीला जानेवारी १९९५ मध्ये वायूच्या विहिरीला लागलेली आग ६५ दिवस जळत होती. नगरमला जून २०१४ मध्ये वायुवाहिनी फुटून वीसहून अधिक माणसे होरपळून गेली. आमच्या शाखेतला एक शिपाई त्या रस्त्याने जाताना अजून विडी विझवतो.

वादळ येते तेव्हा सगळ्या सोयी एकदम नाहीशा होतात. ६ नोव्हेंबर १९९६ च्या वादळाची गोष्ट इथे प्रत्येक घरात आहे. हजारावर माणसे गेली आणि नारळाची झाडे अशी झोपली की वर्ष-दोन वर्षे घराला उत्पन्नच नव्हते. इथे नारळाचा भाव हजाराच्या हिशोबाने बोलतात, तेव्हा एक झाड पडणे म्हणजे काय हे सगळ्यांना आकड्यात कळते. मी स्वतः अनुभवले ते २८ ऑक्टोबर २०२५ चे मोंथा. ते रात्री नरसापूरच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. दोन दिवस आधीपासून एटीएमसमोर रांग होती. एरवी शेंगदाण्याची पुडीसुद्धा मोबाइलने पैसे देऊन घेणारे हे गाव, पण मनोरे बंद पडले की हातात नोटा हव्यात हे त्याला ठाऊक आहे. मास्टारूंनी घरालगतच्या दोन झाडांचे नारळ उतरवून घेतले, कारण वाऱ्यात सुटलेला नारळ तोफेच्या गोळ्यासारखा येतो. रात्री अकरानंतर दिवे गेले. झावळ्यांचा आवाज असा होता की पाऊस पडतो आहे की नाही हे खिडकीशी जाऊन पाहावे लागत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेत गेले, ती जनित्रावर दोन तास चालवली आणि हातात नोंदी करून लोकांना रोख दिली. वीज तिसऱ्या दिवशी आली.

पुराचे तसे नसते. तो सांगून येतो. धवळेश्वरमला पाणी पावणेबारा फुटांवर गेले की पहिला इशारा, पावणेचौदाला दुसरा, पावणेअठराला तिसरा, म्हणजे समुद्राकडे सोडलेले पाणी अनुक्रमे १०, १३ आणि १७ लाख क्युसेक्स. ऑगस्ट १९८६ मध्ये ३५ लाखांवर गेले होते आणि नदीचे बांध, ज्यांना एटिगट्टू म्हणतात, ते ठिकठिकाणी फुटले. मास्टारूंच्या ओसरीत भिंतीवर माझ्या खांद्याच्या उंचीला एक निळी रेघ आहे. दर वेळी रंगकाम करताना ते ती तेवढी सोडून रंग लावायला सांगतात. जुलै २०२२ मध्ये पाणी २५ लाखांच्या वर गेले तेव्हा बांधावर रात्रंदिवस वाळूच्या पोत्यांचे काम चालले होते आणि तो टिकला.

पहिल्या पावसाळ्यात मला वाटे, नाशिकला मारुती बुडाला की पाच-सहा दिवसांनी ते पाणी इथे येईल. मी आईकडून माहेरच्या बातम्या घेऊन मास्टारूंना मोठ्या विश्वासाने सांगत असे. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतले आणि तिसऱ्यांदा शाळेतला जुना नकाशा माझ्यासमोर पसरला. नाशिकचे पाणी बहुतेक जायकवाडीत थांबते. इथे पूर येतो तो प्राणहितेचा, इंद्रावतीचा आणि शबरीचा, म्हणजे वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यातला पाऊस आणि बस्तरचा पाऊस. जुलैत नदी गढूळ तांबडी होते, त्या 'एर्र नीरू'तूनच पुलसा मासा समुद्रातून वर चढतो आणि मंगळसूत्र विकून का होईना तो खावा असे लोक म्हणतात. त्या पाण्याचा रंग विदर्भातून आलेला असतो. माझी गंगा माझ्या गावची नव्हतीच, असे कळल्यावर मला क्षणभर ओशाळल्यासारखे झाले.

तेव्हापासून मी नाशिकऐवजी गडचिरोलीच्या बातम्या वाचते. जुलै २०२४ मध्ये एके सकाळी मराठी बातमीपत्रात आले की पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटला. भामरागडचा संपर्क दर वर्षीच तुटतो, पण त्या वेळी सोबत सिरोंच्याकडचे रस्तेही बंद झाल्याचे लिहिले होते. मी ओसरीवर बसून ते तेलुगूत, अडखळत, मास्टारूंना सांगितले. त्यांनी दोन प्रश्न विचारले : किती वाजताची बातमी, आणि पाऊस थांबला आहे का. थांबला नव्हता. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले, आत हाक मारली, आणि त्यांच्या मुलाने कोठीतल्या तांदळाच्या पोत्यांपैकी पहिले माळ्यावर चढवायला घेतले. चौथ्या दिवशी धवळेश्वरमला दुसरा इशारा लागला. आमच्या ओसरीपर्यंत पाणी आले नाही. आता पावसाळ्यात मी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले, की तेलुगू वर्तमानपत्राची घडी न उघडताच ते आधी मला विचारतात, "अम्मा, भामरागड?"